लाकूड इंजिन कापत नाही

रस्त्यावर आडवं झालेलं झाड चेन सॉने कापायला घेतलं की बघ्यांची नजर मशीनवर खिळते. आवाज तिथे, धूर तिथे. खरं बघण्यासारखं जे असतं ते खाली, कापणाऱ्याच्या बुटांपाशी साचत असतं. तिथे जाडसर, चौकोनी, चिमटीत उचलता येतील अशा ढलप्या पडत असतील तर चेनला धार आहे. पिठूळ भुसा उडत असेल, कापणारा मशीनवर अंगाचा भार टाकत असेल आणि कापातून करपल्याचा वास येत असेल, तर झाड कापलं जात नाहीये, घासलं जातंय. इंजिन दोन्ही वेळा तेच, पेट्रोल तेच, माणूसही तोच. फरक एका दात्याच्या कोपऱ्यात असतो आणि तो नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही.

हा कोपरा किती वेगात राबतो याचा हिशेब एकदा मांडून बघावा. बार म्हणजे ज्याच्या कडेने चेन फिरते ते लांब पातं. 16 इंची बारवर तीन-अष्टमांश इंच पिचची, 60 ड्राइव्ह लिंकची (म्हणजे बारच्या खाचेतून धावणाऱ्या कड्यांची) चेन चढवली, तर चेनची एकूण लांबी साधारण 114 सेंटिमीटर भरते. (पिच मोजायची रीत मजेशीर आहे: ओळीने तीन रिव्हेट धरायचे, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्याचं निम्मं करायचं.) इंजिनाकडचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, 7 दात्यांचं आणि फेरे मिनिटाला 10,000 धरले, तर ही चेन सेकंदाला 22 मीटर पळते. म्हणजे ताशी 80 किलोमीटर. तिचा प्रत्येक दाता एका सेकंदात 19 वेळा पूर्ण चक्कर मारून परत येतो. असे दाते 30. म्हणजे सेकंदाला 580 च्या आसपास दाते लाकडासमोरून जातात, आणि हे सगळं चालतं ते बेअरिंगशिवाय. पोलादाची चेन पोलादाच्या बारवर सरळ घसरत असते, मध्ये असतो फक्त तेलाचा एक पातळ थर.

आता एक दाता जवळून बघू. (इंजिन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, हातात जाड मोजे. यात सवलत नाही.) हातकरवतीचा दाता टोकदार असतो, हा तसा नसतो. पोलादाची पट्टी काटकोनात मुडपावी तसा याचा आकार आहे. उभा भाग आधी लाकडाचे तंतू आडवे तोडतो. मग वरचा आडवा भाग, सुतार रंधा मारतो त्याच पद्धतीने, सुटलेला थर उचलून काढतो. दोन्ही भाग जिथे मिळतात तो कोपरा लाकडाला सगळ्यात आधी भिडतो आणि सगळ्यात आधी झिजतो. एक दाता डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे, असं आलटून-पालटून चेनभर चालतं. दोघांनी मिळून पाडलेली फट बारच्या जाडीपेक्षा किंचित रुंद असते, म्हणून बार मागोमाग अडकल्याशिवाय आत जातो.

पण खरी करामत दात्याच्या पुढे आहे. प्रत्येक दात्यासमोर, त्याच कडीवर, एक गोलसर उंचवटा असतो. त्याला डेप्थ गेज म्हणतात. दिसायला निरुपयोगी. ना धार, ना टोक. तो दात्याच्या माथ्यापेक्षा जरासा बुटका असतो, नेहमीच्या चेनवर सुमारे 0.65 मिलिमीटरने. हा उंचवटा लाकडावरून घसरत पुढे जातो आणि मागून येणाऱ्या दात्याने किती खोल चावायचं ते ठरवतो. उंचवटा दात्याच्या बरोबरीला आला तर दात्याला कितीही धार असो, तो लाकडाला लागणारच नाही. फार खाली गेला तर दाता झेपणार नाही इतका मोठा घास घेतो, मशीन हिसके मारतं आणि बारचं टोक उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येण्याचा धोका वाढतो. 0.65 मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाड्या. त्या दोन-तीन जाड्यांवर अख्खं काम तोललेलं असतं.

आणि दाता कापताना स्थिर राहत नाही. चेन बारवर चिकटून पळते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दाता लाकडात रुतला की त्याची कडी मागच्या टाचेवर कलते, पुढचं पातं बारपासून वर उचललं जातं आणि दाता आणखी आत शिरतो. मग चेनचा ताण त्याला ओढून बाहेर काढतो, ढलपी सुटते, कडी पुन्हा बारवर बसते. चावा, कलणं, सुटका. सेकंदाला शेकडो वेळा. म्हणूनच चेन किती ताणायची हा प्रश्न कापाच्या गुणवत्तेशी जोडलेला आहे. ढिल्या चेनमध्ये दाता हवा तसा कलतो आणि वेळेवर परत येत नाही.

असा दाता माणसाला सहजासहजी सुचलेला नाही. साखळीने कापायची कल्पना जुनी आहे. जर्मनीत वुर्झबर्गच्या बर्नहार्ड हाइनेने 1830 मध्ये हाडं कापण्यासाठी हाताने फिरवायची साखळी-करवत बनवली होती. झाडांसाठी यंत्राच्या जोरावरची साखळी-करवत यायला पुढची शतकभर वाट बघावी लागली: 1926 मध्ये आंद्रेआस श्टीलचं विजेवर चालणारं यंत्र, 1927 मध्ये एमिल लेर्पचं पेट्रोलवरचं. दोन माणसांनी मिळून उचलायची ती धूडं होती. त्यांच्या साखळ्यांवरचे दाते मात्र हातकरवतीच्याच वळणाचे राहिले. ते लाकूड ओरखडत, त्यांना जोर फार लागे आणि त्यांना सारखी कानस लावावी लागे. इंजिन विसाव्या शतकातलं आणि दाता आजोबांच्या काळातला, अशी ती जोडी होती.

1946 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी थांबला. बुंध्यात बोटाएवढी अळी लाकूड पोखरत होती. एर्गेटिस स्पिक्युलेटस जातीच्या मोठ्या भुंगेऱ्याची ही अळी. मोठमोठ्या साखळ्यांना जड जाणारं लाकूड ती तंतूंच्या दिशेने आणि तंतूंच्या आडवं, दोन्हीकडे सारख्याच सहजतेने खात होती. तिचे जबडे दोन, आकाराने वाकडे, आणि चालायचे ते डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कॉक्सने ते निरखून पाहिलं आणि पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात त्या जबड्यांची पोलादी नक्कल घडवली: एक डावा दाता, एक उजवा दाता. नोव्हेंबर 1947 मध्ये ही चेन विकायला आली. आज जगभर फिरणाऱ्या बहुतेक चेन तिच्याच वंशातल्या. त्या अळीची एक सोय मात्र कॉक्सला उचलता आली नाही. अळी वाढताना कात टाकते तेव्हा जबड्यांचं कवचही टाकते आणि नव्या कातीसोबत तिला नवे जबडे मिळतात. आपल्या वाट्याला आली कानस.

चेनचा दाता कानशीने घासता येतो यामागेही एक युक्ती आहे. दाता संपूर्ण कठीण केला असता तर कानस त्याच्यावर चाललीच नसती आणि गाठीवर आदळताच तो तडकला असता. म्हणून आतलं पोलाद चिवट, घासलं जाईल इतपतच कठीण ठेवतात, आणि बाहेरच्या पृष्ठावर क्रोमियमचा अतिशय पातळ, अतिशय कठीण मुलामा देतात. कानस आतल्या बाजूने पोलाद खाते आणि कडेला क्रोमियमची कोर उघडी पडते. लाकूड कापते ती ही कोर. त्यामुळे कानस नेहमी दात्याच्या आतून बाहेर ढकलायची, आणि ती पुढे जातानाच कापते म्हणून परत आणताना उचलून घ्यायची. मागे-पुढे खसाखसा घासणारा माणूस कानशीचे दात घालवतो आणि चेनचेही.

कानस गोल असते आणि तिची जाडी मनाला येईल ती चालत नाही. लहान मशीनच्या बुटक्या तीन-अष्टमांश चेनला 4 मिलिमीटरची, 0.325 इंच पिचला 4.8 मिलिमीटरची, मोठ्या चेनला 5.5 मिलिमीटरची. कारण दात्याच्या पोटातली गोलाई म्हणजे कानशीची गोलाई, आणि ती गोलाई वरच्या पात्याचा आतला कोन ठरवते. कानशीच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा दात्याच्या माथ्यावर राहायला हवा. कानस खाली बसली तर दात्याला आकड्यासारखं वळण येतं: सुरुवातीला झकास कापतो, मग अर्ध्या तासात बोथट. वर बसली तर पातं मागे उतरतं आणि दाता लाकडावरून नुसता घसरत राहतो. वरून बघताना कोन बहुतेक चेनला 30 अंश ठेवतात. डाव्या दात्यांना जितके हात मारले तितकेच उजव्यांना. एका बाजूचे दाते लांब, दुसरीकडचे आखूड राहिले तर काप सरळ जात नाही, ओंडक्यात शिरून एका अंगाला वळतो.

धार लागली की नाही हे ओळखायची खूण मला या सगळ्यात अतिशय आवडते. चेन उजेडात धरायची आणि दात्याच्या कडेकडे बघायचं. कडेवर चमकती रेघ दिसली तर दाता बोथट आहे, कारण उजेड परतवायला तिथे सपाटी उरलेली आहे. खऱ्या धारेला पृष्ठच नसतं, मग चमकणार काय? घासत राहायचं ते रेघ विझेपर्यंत.

आणि मग लोक थांबतात, इथेच चूक होते. दात्याचा माथा मागे उतरता असतो. उतरता नसता तर तो मागच्या अंगाने लाकडावर घासला असता. प्रत्येक कानशीला दाता थोडा मागे सरकतो, म्हणजे त्या उतारावर थोडा खालीही येतो. पुढचा उंचवटा मात्र होता तेवढाच राहतो. चार-पाच वेळा धार लावल्यावर ते 0.65 मिलिमीटरचं अंतर कमी होत जातं आणि नव्या धारेचे दाते लाकडाला नुसते चाटून जातात. मशीन म्हातारं झालं, इंजिनात दम राहिला नाही, असं म्हणून दुकानात नेलेल्या मशीनचं दुखणं पुष्कळदा एवढंच असतं. उंचवट्यावर मापाची पट्टी ठेवून जो भाग वर डोकावेल तो चपट्या कानशीने उतरवायचा आणि त्याची पुढची कड पुन्हा गोल करायची. दहा मिनिटांचं काम.

धार जाते कशाने? लाकडाने कमी, इतर गोष्टींनी जास्त. रेतीतलं क्वार्ट्झ पोलादाला ओरखडतं. जमिनीवर पडलेला ओंडका कापताना बारचं टोक खालच्या मातीला क्षणभर जरी लागलं तरी क्रोमियमची कोर उलटते. मग कोर पुन्हा अखंड दिसेपर्यंत दाता मागे घासावा लागतो. शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांत खिळे असतात. शिकवणीच्या पाट्या, निवडणुकीचे फलक, दिव्यांच्या माळा. झाड ते खिळे वर्षानुवर्षं सालीआड गिळत जातं आणि एक दिवस चेनला ते सापडतात. काही लाकडं स्वतःच रेती बाळगतात: सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणून तो हत्यारं लवकर मारतो. नारळाचं खोड बाहेरच्या अंगाला फार कडक आणि धारेचा शत्रू. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्या, आंबे, सुरूची बनं एका दिवसात आडवी झाली, आणि रस्ते मोकळे करायला चेन सॉ लागल्या. किनाऱ्याची रेती, भिजलेली माती आणि नारळ, तिन्ही एकदम. चेनची याहून अवघड परीक्षा मला सुचत नाही.

चेनचं एवढं कौतुक झाल्यावर बार बिचारा दुर्लक्षित राहतो. त्याला दाते नाहीत, तो हलत नाही, मग त्याची निगा काय राखायची? पण चेन सरळ पळते ती बारमुळे. बारच्या कडेने खोल खाच असते, खाचेच्या दोन्ही बाजूंना दोन रूळ. ड्राइव्ह लिंकच्या शेपट्या खाचेतून धावतात, दात्यांच्या कड्या रुळांवरून. बहुतेक काप बारच्या खालच्या कडेने घेतला जातो, म्हणून खालचे रूळ आधी झिजतात. उपाय साधा: चेन काढाल तेव्हा बार उलटा करून बसवायचा. एखाद्याच्या बारवरचं कंपनीचं नाव उलटं दिसलं तर तो मशीन जपणारा माणूस आहे असं खुशाल समजा.

झिजताना रुळांचं पोलाद कडेला फाकतं आणि बाहेर पातळ, धारदार कोर येते. बोट फिरवलं तर कापतं. ती चपट्या कानशीने काढून टाकायची. दोन रुळांपैकी एक खाली बसला तर चेन तिरकी होते आणि काप वळतो. दाते घासघासून बेजार झालेल्या माणसाला हे लवकर लक्षात येत नाही. सुताराचा गुण्या लावला की कळतं: सपाट फरशीवर बार कडेवर उभा करा; तो गुण्याला टेकून सरळ उभा राहिला पाहिजे. खाच आतून रुंद झाली आहे का, याची तपासणी आणखी सोपी. बारच्या अंगाला आणि दात्याला मिळून सरळ पट्टी टेकवा. पट्टी दात्यावर टेकून बारपासून जराशी सुटी राहिली तर ठीक. बारला चिकटली तर चेन खाचेत कलंडते आहे. खाच इतकी उथळ झाली की शेपट्या तळाला टेकू लागल्या, तर मात्र बार संपला. या खाचेची रुंदी ठरलेली असते, 1.1, 1.3, 1.5 किंवा 1.6 मिलिमीटर, आणि चेनच्या शेपट्यांची जाडी तिच्याशी जुळलीच पाहिजे. 0.2 मिलिमीटरच्या फरकाने चेन एक तर बसतच नाही किंवा डगडगते.

बारच्या टोकाला छोटं चाक असतं. मघाच्या हिशेबात ते 11 दात्यांचं असेल तर मिनिटाला सहा हजारांवर फेरे घेतं, ओल्या भुशाच्या वर्षावात.

आता तेल. इंजिन फिरतं तसा छोटा पंप बारच्या मुळाशी असलेल्या भोकातून खाचेत तेल सोडतो. ड्राइव्ह लिंकच्या शेपटीला पुढून आकडा असतो. तो तेल ओढत टोकापर्यंत नेतो आणि त्याच फेरीत खाचेतला भुसाही खरवडून बाहेर काढतो. एकच वळण, दोन कामं. हे तेल परत येत नाही. ते दात्यांबरोबर उडतं, ढलप्यांत मुरतं, मातीत जातं. म्हणून ते चिकट असावं लागतं, आणि म्हणूनच युरोपातल्या जंगलांत मातीत विरणारं वनस्पती तेल वापरायचा आग्रह असतो. आपल्याकडे जळकं ऑइल ओतायची खोड आहे. फुकट मिळतं हे खरं, पण त्यात इंजिनातला धातूचा चुरा आणि काजळी असते, चिकटपणा नसतो, आणि ते शेवटी विहिरीच्या काठच्या मातीतच पडतं. मला ही बचत समजत नाही. तेल पोचतंय की नाही हे बघायला बारचं टोक फिकट फळीसमोर धरून मशीन जरा पळवायचं. फळीवर तेलाची बारीक रेघ उमटायला हवी. न उमटली तर बहुतेक वेळा भोक भुशाने बुजलेलं असतं. तसंच दामटलं तर रुळांवर निळा डाग येतो. तो तापल्याचा डाग, आणि तिथलं पोलाद आता पूर्वीसारखं कठीण राहिलेलं नाही.

ताणाचं गणितही उष्णतेचंच. मघाची 114 सेंटिमीटरची चेन 100 अंशांनी तापली तर सुमारे 1.4 मिलिमीटर लांबते. कापताना तापून लोंबली म्हणून ताणली आणि काम संपल्यावर तशीच ठेवून दिली, तर निवताना ती आखडते आणि सगळा ताण बारवर आणि इंजिनाच्या दांड्यावर येतो. म्हणून काम थांबलं की चेन ढिली करायची. गार चेन बारला खालून लागलेली असावी, आणि मोजा घातलेल्या हाताने ओढली की सहज सरकावी. दिवसागणिक चेन लांबते ती मात्र तापून नव्हे. प्रत्येक रिव्हेट आणि त्याचं भोक केसाएवढं झिजतं, आणि शंभराहून जास्त रिव्हेटांची झीज एकत्र येऊन मिलिमीटर भरतात.

लांबलेल्या चेनचा पिचही वाढतो आणि ती स्प्रॉकेटचे दाते आपल्या मापाने कोरत जाते. अशा स्प्रॉकेटवर नवी कोरी चेन चढवली तर दोघांची मापं जुळत नाहीत आणि नवी चेन भराभर जुनी होते. स्प्रॉकेटवरची झीज अर्धा मिलिमीटर खोल गेली की ते बदलायचं. दात्यांच्या पाठीवर तिरकी खूण असते, घासत घासत तिथवर आलं की चेनही टाकायची. रोज हे काम करणारे स्प्रॉकेट नवं बसवताना दोन-तीन चेन एकदम घेतात आणि आलटून-पालटून चढवतात, म्हणजे सगळ्या त्या एका स्प्रॉकेटबरोबर सारख्याच झिजतात आणि एकदमच बदलायला येतात.